गोळीचा वास आपल्याला येत नाही, मग पतंगाला कसा येतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहात. घरी कपाशी आहे आणि बाबांनी गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगाला ओढणारे सापळे, लावले आहेत. सापळ्यातली रबरी गोळी नाकाशी धरली तरी तुम्हाला वास येत नाही, पण पतंग मात्र धुऱ्यापलीकडून येतो. पुस्तकात 'गंधबंधक प्रथिन गंधरेणूला ग्राहीपर्यंत वाहून नेते' एवढं एकच वाक्य आहे. मग वास नेमका ओळखतं कोण, हे प्रथिन की चेतापेशीच्या पापुद्र्यात बसलेला ग्राही? आणि शेवटी बाबांचा प्रश्न: मागच्या हंगामातल्या उरलेल्या गोळ्या यंदा लावल्या तर पतंग येईनात, असं का?

कापूस आणि तुरीतल्या पतंगांच्या वासावर मी पंचवीसेक वर्षं काम करतो आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वास पकडणं हे निम्मं काम झालं. पकडलेला वास पापणी लवायच्या आत पुसून टाकणं हे उरलेलं निम्मं, आणि त्याबद्दल पुस्तकात ओळभरसुद्धा नसते. खालचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवा.

मिशीपासून सुरुवात करू. बोंडअळीच्या पतंगाची मिशी दोऱ्यासारखी बारीक असते, नुसत्या भिंगाने हाती काही लागत नाही. शिकायचं असेल तर कोसाचा नर बघावा, म्हणजे आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या झाडांवर पाळतात त्या टसर रेशमाचा पतंग. त्याची मिशी नेच्याच्या पानासारखी दोन्ही बाजूंनी फुटलेली, रुंद, पिसारेदार असते. मादीची त्या मानाने अरुंद. हा फरक उगाच नाही. मादी एका जागी बसून गंध सोडते, शोधत फिरायचं काम नराचं. त्या प्रत्येक फांदीवर अतिसूक्ष्म पोकळ केस असतात. तुतीवरच्या रेशीमकिड्याच्या नराला एकेका मिशीवर मादीचा गंध टिपणारे असे सुमारे 17,000 केस असतात. केसाच्या भिंतीला छिद्रं असतात, मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढी. आत पाण्यासारखा द्रव, आणि त्या द्रवात चेतापेशीचं टोक बुडालेलं.

अडचण इथेच सुरू होते. मादीचा गंध म्हणजे तेलकट रेणू. गुलाबी बोंडअळीच्या गंधात 16 कार्बनच्या साखळीचे दोन अ‍ॅसिटेट निम्मे-निम्मे असतात. 1973 साली त्यांची ओळख पटली आणि 'गॉसीप्लूर' हे नाव पडलं. रेशीमकिड्याच्या मादीचा बॉम्बिकॉलही 16 कार्बनचाच. कीटकाचा कामगंध रासायनिकदृष्ट्या पहिल्यांदा ओळखला गेला तो हाच, 1959 साली. जर्मनीत अडॉल्फ ब्यूटेनान्ट यांच्या गटाने त्यासाठी जवळपास 5 लाख माद्यांच्या गंधग्रंथी वापरल्या आणि दोनेक दशकं त्यात घातली. एवढ्या खटाटोपातून हाती आलं ते काही मिलिग्रॅम. तुम्हाला गोळीचा वास का येत नाही, याचं उत्तरही यातच आहे. गोळीतून तासाला जेवढा गंध सुटतो तो आपल्या नाकाच्या हिशेबात नसल्यात जमा. रेशीमकिड्याच्या नराच्या चेतापेशीला मात्र बॉम्बिकॉलचा एक रेणू पुरतो. एका रेणूने एक विद्युतस्पंद उठतो, हे 1970 पासून माहीत आहे.

आता असा तेलकट रेणू केसाच्या छिद्रातून आत आला, पण पुढे पाणी. आमटीवर तवंग तरंगतो तसा तो काठावरच चिकटून राहणार. इथे गंधबंधक प्रथिन कामाला येतं. 1981 साली रिचर्ड व्होग्ट आणि लिन रिडिफर्ड यांना ते अमेरिकेतल्या पॉलिफेमस नावाच्या रानपतंगाच्या मिशीत सापडलं. हा पतंग 'अँथेरिया' कुळीचा, म्हणजे आपल्या कोसाचा सख्खा चुलतभाऊ. केसातल्या द्रवात हे प्रथिन इतकं ठासून भरलेलं असतं की द्रवाला पाणी म्हणण्यापेक्षा प्रथिनाचा रस म्हणावं. चेतापेशीशेजारच्या आधारपेशी ते रात्रंदिवस तयार करून केसात सोडत राहतात.

रेशीमकिड्यातल्या या प्रथिनाची बांधणी पाहण्यासारखी आहे. 142 अमिनो आम्लांची साखळी, तिचे सहा पिळदार वेढे, आणि वेढे सुटू नयेत म्हणून गंधकाचे तीन टाके. मधे तेलकट अस्तराची खळगी. बॉम्बिकॉल त्या खळगीत वाकून बसतो, आणि बाहेरून पाण्याला फक्त प्रथिन दिसतं. पण बसवणं सोपं, उतरवायचं कसं? जो रेणूला इतका घट्ट धरतो तो ऐनवेळी सोडणार कसा?

याचं उत्तर सामूत आहे. माती परीक्षणाच्या अहवालात जो सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप) वाचता तोच. केसातल्या द्रवाचा सामू उदासीनाच्या आसपास असतो, पण चेतापेशीच्या पापुद्र्याला अगदी लागून तो आम्लाकडे झुकतो असं मानलं जातं. प्रयोगशाळेत या प्रथिनाचा सामू 6 वरून 5 कडे उतरवला की त्याची घडी बदलते. साखळीचं मोकळं शेपूट, जे एरवी बाहेर लोंबत असतं, ते गुंडाळून सातवा वेढा होतं आणि थेट त्या खळगीत जाऊन बसतं. आधी बसलेल्या रेणूला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. 2000 सालच्या आसपास या दोन्ही घड्या अणूअणूनिशी उलगडल्या गेल्या. माझ्या मते या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच. एकच प्रथिन, एकच साखळी, आणि धरायचं कुठे व सोडायचं कुठे हे ठरतं भोवतालच्या आंबटपणावर.

मात्र सगळ्याच वासांना असा वाहक लागतो असं समजू नका. फळांच्या चिलटांवर, म्हणजे ड्रोसोफिलावर, 2016 साली एक प्रयोग झाला. एका जातीच्या केसात मुबलक असणारं एकमेव गंधबंधक प्रथिन काढून टाकलं, तरी तो केस वासाला व्यवस्थित प्रतिसाद देत राहिला. फळाच्या आंबूस वासाचे रेणू लहान, पाण्याशी थोडंफार जमवून घेणारे. लांब साखळीच्या कामगंधाची गोष्ट वेगळी. म्हणून पुस्तकातलं 'वाहून नेते' हे वाक्य खोटं नाही, पण सरसकटही नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न: ओळखतं कोण? ओळखतं ते ग्राही. कशावरून, तर जपानमधल्या दोन प्रयोगांवरून. 2011 साली तिथल्या संशोधकांनी रेशीमकिड्याच्या नराच्या बॉम्बिकॉल टिपणाऱ्या चेतापेशीत परक्या पतंगाच्या ग्राहीचं जनुक घातलं. हा परका म्हणजे आपल्या कोबी-फ्लॉवरवरचा चौकोनी ठिपक्याचा पतंग. बाकी काही बदललं नाही. केस तेच, वाहक प्रथिन तेच, मेंदू तोच. हे रेशीमकिड्याचे नर चौकोनी ठिपक्याच्या मादीच्या गंधाला पंख फडफडवून प्रतिसाद देऊ लागले! म्हणजे कोणाच्या मागे जायचं हे ग्राहीने ठरवलं, आणि वाहकाने परका रेणूही निमूटपणे पोचवला. पुढे 2018 मध्ये उलटा प्रयोग झाला, रेशीमकिड्याचं वाहक प्रथिनच जनुक बिघडवून बंद केलं. मिशीची संवेदना घटली, बॉम्बिकॉलसाठीही आणि त्याच्या भावंड-रेणूसाठीही सारखीच. नराची निवड काही बिघडली नाही. आणि 2021 मध्ये त्याच वाणावर दिसलं की भराभर येणाऱ्या गंधाच्या झुळका वेगवेगळ्या ओळखणं त्या नरांना जड जातं. हा शेवटचा निष्कर्ष नीट लक्षात ठेवा, पुन्हा त्यावर येणार आहे.

ग्राहीची रचना थोडक्यात सांगतो. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांच्या नाकातल्या गंधग्राहींची जनुकं रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांनी 1991 मध्ये शोधली, त्यासाठी त्यांना 2004 चं नोबेल मिळालं. 1999 मध्ये चिलटातले ग्राही सापडले तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की हेही त्याच घराण्यातले. ते चुकीचं निघालं. पापुद्र्यात ते आपल्यापेक्षा उलटे बसलेले असतात, आणि 2008 मध्ये दोन गटांनी दाखवलं की कीटकाचा ग्राही स्वतःच एक दार आहे. आपल्या नाकात ग्राही निरोप देतो, तो दुसऱ्याकडे जातो, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, मग कुठे दार उघडतं. कीटकात रेणू टेकला की दार उघडलं, आयन आत. हे दार चार तुकड्यांचं असतं. त्यात 'ऑर्को' नावाचं एक प्रथिन असतं, जे जवळजवळ सर्व कीटकांत सारखं आहे. आणि एक निवडक ग्राही असतो, जो प्रत्येक वासागणिक वेगळा. 2024 मध्ये डासांतल्या या दाराची रचना प्रत्यक्ष दिसली तेव्हा प्रमाण निघालं तीन ऑर्को आणि एक ग्राही. तीन झापा सारख्याच, चौथीला कुलूप. याशिवाय चेतापेशीच्या पापुद्र्यात आणखी एक प्रथिन असतं, मधून बोगदा असलेलं, जे तेलकट रेणूला वाहकाकडून ग्राहीपर्यंत सरकवायला मदत करतं. चिलटात ते नसलं तर नराच्या कामगंधाची जाणीवच होत नाही.

इथवर रेणू आला, दार उघडलं, स्पंद गेला. आता पुसण्याकडे.

मिशीचा विद्युतआलेख काढायची पद्धत 1957 साली डीट्रिश श्नायडर यांनी बसवली, आणि आजही ती तशीच चालते. नराची मिशी मुळाशी कापायची, दोन्ही टोकं क्षाराच्या द्रावणातून तारांना जोडायची, आणि वरून सतत स्वच्छ ओलसर हवा सोडायची. पडद्यावर एक सरळ रेघ धावत असते. त्या हवेत गंधाची अर्ध्या सेकंदाची फुंकर मिसळली की रेघ एकदम खाली वाकते, आणि फुंकर थांबताच परत वर यायला लागते. दुसरी फुंकर, दुसरा खड्डा. तिसरी, तिसरा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी रात्री अकरापर्यंत त्या एकाच मिशीपाशी बसून होतो. मग फुंकरीऐवजी गंध एकसारखा सोडून पाहिला. रेघ एकदा खाली गेली आणि थोडी सावरून तिथेच पडून राहिली. त्यावर आणखी फुंकर मारली तर जेमतेम थरथर. मिशी जिवंत होती, गंधही होता, पण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रानात हे का महत्त्वाचं ते बघा. मादीचा गंध वाऱ्यावर अगरबत्तीच्या धुरासारखा जातो. सलग ढग नसतो, तुटक धागे असतात. नर एका धाग्याला लागला की वाऱ्याच्या तोंडाकडे झेप घेतो, धागा सुटला की डावी-उजवीकडे नागमोडी शोधत राहतो, पुन्हा लागला की पुन्हा पुढे. म्हणजे त्याला 'गंध आहे' एवढं कळून भागत नाही, 'आत्ता आहे, आत्ता नाही' हे कळावं लागतं. मघाच्या धाग्यातला रेणू केसातच रेंगाळला तर पुढचा धागा कळणार कसा? म्हणून त्याच द्रवात गंध तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. पॉलिफेमस पतंगाचा कामगंधही मुख्यतः अ‍ॅसिटेटच आहे, आणि त्याच्या मिशीत अ‍ॅसिटेट तोडणारं असं विकर आहे. 1985 मध्ये व्होग्ट, रिडिफर्ड आणि ग्लेन प्रेस्टविच यांनी हिशेब मांडला की त्याच्यासमोर मोकळ्या रेणूचं अर्धायुष्य सुमारे 15 मिलिसेकंद भरतं. एका सेकंदाचे हजार भाग करा, त्यातले पंधरा. वाहक प्रथिनाच्या खळगीत असेपर्यंत रेणूला संरक्षण, बाहेर पडून ग्राहीला टेकला की थोड्याच वेळात तुकडे. आता तो 2021 चा निष्कर्ष आठवा: वाहक बंद केला तर झुळका वेगळ्या कळेनाशा झाल्या. म्हणजे ज्याला आपण निव्वळ हमाल समजत होतो तोही या पुसण्याच्या कामात आहे.

याच समजुतीवर कपाशीतला एक उपाय उभा आहे. झाडाला गंध सोडणाऱ्या दोऱ्या बांधून अख्ख्या शेतावर मादीचा गंध पसरवायचा, म्हणजे नराला खरी मादी सापडत नाही आणि मिलनच होत नाही. अमेरिकेत गॉसीप्लूरला या कामासाठी 1978 मध्येच मान्यता मिळाली. तिथे बीटी कापूस, वंध्य पतंग सोडणं, पऱ्हाट्या वेळेत काढणं आणि हा गंध असं सगळं मिळून 2018 साली गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे 2017 मध्ये बीटी कपाशीतच तिने काय केलं ते तुमच्या घरी सांगायला नको. एक मात्र सांगतो: दोन एकरांच्या तुकड्यात या दोऱ्या बांधून फारसं साधत नाही, कारण शेजारच्या रानात मिलन झालेली मादी उडत येऊन तुमच्या बोंडावर अंडी घालतेच. गावाने मिळून, लागून असलेल्या क्षेत्रात केलं तरच हा उपाय करावा.

निम्म्या-निम्म्या मिश्रणाबद्दल तुम्ही थेट विचारलं नाही, पण बाबांच्या गोळ्यांशी त्याचा संबंध आहे. एकच रेणू कितीतरी प्राणी वापरतात. मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीच्या गोळीतला एक अ‍ॅसिटेट आशियाई हत्तीण माजावर आल्यावर तिच्या मूत्रात असतो, हे 1996 मध्ये कळलं, आणि तोच अनेक पतंगांच्या गंधातही आहे. म्हणून जात ओळखायची तर मिश्रणावरून, आणि त्याच्या प्रमाणावरून. गॉसीप्लूरचा एकच घटक ठेवला तर बोंडअळीचा नर जवळपास फिरकत नाही. तुरीतल्या घाटेअळीचं प्रमाण वेगळंच, दोन आल्डिहाइडचं साधारण 97 ला 3. काही जातींत तर भाईबंद जातीच्या गंधातला एखादा रेणू मिसळला की नर पाठ फिरवतो. तो रेणू टिपायला त्याच्या मिशीत वेगळे ग्राही ठेवलेले असतात, 'ही आपली नव्हे' हे कळावं म्हणून.

म्हणून हातांची काळजी घ्यावी. एका हंगामात मी घाटेअळीचे जुने नरसाळे सापळे धुऊन त्यांत बोंडअळीच्या नव्या गोळ्या टांगल्या. सकाळी पिशव्यांत दोन्ही जातींचे पतंग. वास प्लॅस्टिकमध्ये मुरलेला होता, साबणाने गेला नव्हता. त्या आठवड्याचे सगळे आकडे मला बाद करावे लागले, आणि त्या आकड्यांवर फवारणीचा सल्ला मागणारे शेतकरी थांबले होते, ते अजून मनाला लागतं. तेव्हापासून एका किडीचा सापळा त्याच किडीला. गोळी बदलताना नवा हातमोजा, आणि तंबाखू, डिझेल किंवा औषधाचा हात गोळीला लावायचा नाही.

आता बाबांच्या जुन्या गोळ्या. रबरातून गंध सतत उडत असतो, आणि उष्णतेने जास्त वेगाने उडतो. पाकीट एकदा फोडलं की सापळ्यात टांगा किंवा फळीवर ठेवा, गोळी रिकामी होतच राहते. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या फोडलेल्या पाकिटात फारसं काही उरत नाही. गॉसीप्लूर अ‍ॅसिटेट असल्याने त्यातल्या त्यात टिकाऊ. घाटेअळीच्या गोळीतलं आल्डिहाइड हवेतल्या ऑक्सिजनने बदलून आम्ल होतं, आणि त्या आम्लाला नराचा ग्राही विचारत नाही. दार तेच, पण किल्लीचा दात झिजलेला. न फोडलेलं पाकीट फ्रिजमध्ये ठेवलं तर चालतं. फोडलेलं पुढच्या हंगामाला ठेवू नये, आणि टांगलेली गोळी साधारण महिन्याने, पाकिटावर लिहिलं असेल त्याप्रमाणे, बदलावी.

पण पतंग येत नाहीत याचा अर्थ गोळीच खराब, असं लगेच धरू नका. शेतात पतंगच नसतील तर ताजी गोळीही रिकामीच राहील. हे वेगळं काढता येतं. एका सापळ्यात जुनी गोळी तशीच ठेवा, पन्नासेक पावलांवर दुसऱ्या स्वच्छ सापळ्यात ताजी लावा, दोन्ही पिकाच्या शेंड्यापेक्षा वीतभर उंच. चार रात्रींनंतर जागांची अदलाबदल करा, म्हणजे जागेचा दोष निघून जाईल. रोज सकाळी दोन्हींतले पतंग मोजून लिहून ठेवा. सोबत वीस झाडं फिरून डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने न उमललेली फुलं, बघा, कारण सापळ्यात फक्त नर येतो आणि अंडी घालणारी मादी रानातच असते. ताज्या गोळीच्या सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग आले, तर आकडे पूर्ण व्हायची वाट न पाहता बाबांना उपाय करायला सांगा.

त्यातला एखादा नर कॉलेजात घेऊन जा. मिशी काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा आणि चारशे पटीत बघा. कडेने काचेसारखे पारदर्शक, किंचित वाकलेले केस दिसतील. छिद्रं दिसणार नाहीत, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. आठ रात्रींचे दोन्ही सापळ्यांचे आकडे मला कळवा. दोष गोळीचा की पतंगच नाहीत, ते मग नक्की सांगता येईल.